दुरून मिळालेली परवानगी

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातला सरोवरांचा प्रदेश, म्हणजे लेक डिस्ट्रिक्ट, मराठी वाचकाला ठाऊक असतो तो वर्डस्वर्थमुळे, आणि वर्डस्वर्थ ठाऊक असतो तो बहुधा 'डॅफोडिल्स'मुळे. पुढे महाविद्यालयात 'निसर्गकवी' हा शिक्का त्याच्यावर बसतो आणि विषय संपतो. या साऱ्यात एक गोष्ट निसटून जाते. या प्रदेशाचा वाङ्मयीन इतिहास जितका निसर्गाचा आहे, तितकाच तो लहान मुलांचाही आहे. सुट्टीत मुलांना डोंगरावर न्यावे, तळ्यात होडी घालू द्यावी, उघड्यावर चूल मांडू द्यावी, आणि यातून मूल अधिक माणूस होते असे मानावे, ही कल्पना आज इतकी रुळलेली आहे की तिलाही इतिहास असेल असे वाटत नाही. पण तो आहे. ती कल्पना घडविण्यात कवी आणि लेखकांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली की एक विलक्षण बाब दिसू लागते. मुलांना तळी आणि डोंगर देऊ करणारे बाप बहुतेक वेळा त्या तळ्याकाठी हजर नसतात. परवानगी त्यांची असते. ती दुरून येते.

आधी भूगोलाविषयी दोन शब्द. इंग्लंडातले सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक ९७८ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून साडेसहाशे मीटरहून अधिक ठेंगणे. सर्वांत मोठे सरोवर विंडरमिअर सतरा-अठरा किलोमीटर लांब, कॉनिस्टन आठ. सात वर्षांचे मूल सकाळी निघून संध्याकाळी शिखरावरून परत येऊ शकेल, दहा वर्षांचे मूल शिडाची होडी एका काठावरून दुसऱ्या काठाला नेऊ शकेल, अशा बेताचा हा मुलूख आहे. हिमालयाच्या पायथ्याशी हे वाङ्मय निर्माण झाले नसते. तरीही हा प्रदेश निरुपद्रवी मात्र नाही. हवा तासाभरात फिरते, धुके उतरते, आणि हिवाळ्यात माणसे मरतात. त्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

१७७८ साली टॉमस वेस्टची या सरोवरांविषयीची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. देखावा कोठे उभे राहून पाहावा याची ठिकाणे तीत नेमून दिलेली होती. रसिक प्रवासी तेथे जात, सरोवराकडे चक्क पाठ करीत, आणि हातातल्या काळसर, फुगीर आरशात त्याचे चित्रासारखे प्रतिबिंब न्याहाळीत. हा सारा प्रौढांचा, उच्चभ्रूंचा आणि मुख्यतः डोळ्यांचा व्यवहार होता. त्यात मुलाला जागा नव्हती; मूल आरशात पाहून थांबत नाही, ते पाण्यात हात घालते.

त्याच वर्षी, १७७८ मध्ये, पेन्रिथ येथे विल्यम वर्डस्वर्थची आई वारली. विल्यम अजून आठ वर्षांचाही झाला नव्हता. पुढच्या वर्षी त्याला हॉक्सहेडच्या शाळेत धाडण्यात आले आणि ॲन टायसन नावाच्या बाईकडे त्याच्या राहण्याजेवणाची सोय झाली. १७८३ मध्ये वडीलही गेले. 'प्रील्यूड'मध्ये जे बालपण येते, रात्री फासे लावून पक्षी धरणारे, कावळ्यांच्या घरट्यांसाठी कड्याला लोंबकळणारे, अल्सवॉटरवर दुसऱ्याची होडी सोडून नेणारे आणि मग मागून वर येणाऱ्या काळ्या शिखराला भिऊन परत फिरणारे, ते वस्तुतः अनाथ मुलाचे बालपण आहे. त्या मोकळेपणाचा गौरव करताना अध्यापक सहसा हे सांगत नाहीत की, मुलगा मध्यरात्री बाहेर होता कारण त्याची वाट पाहणारे आईबाप घरी नव्हते. टायसनबाई प्रेमळ होत्या. वर्डस्वर्थने त्यांचे ऋण कृतज्ञतेने नोंदवले आहे. पण त्या मोकळ्या बालपणाचा पाया एका रिकाम्या घरात आहे, हे विसरता येत नाही.

आणि डॉरथी? आई गेल्यावर तिला हॅलिफॅक्सला नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. पुढची नऊ वर्षे भावांची आणि तिची भेट झाली नाही. म्हणजे एकाच घरातल्या एकाच दुःखातून भावाला तळी-डोंगर मिळाले, बहिणीला मिळाले नाहीत. मोठेपणी तिने ते पायी चालून कमावले, आणि तिच्या रोजनिशीवाचून वर्डस्वर्थच्या कवितेचे काय झाले असते हा प्रश्न आता अभ्यासकांना नवा राहिलेला नाही.

वर्डस्वर्थने जे भोगले होते, ते आपल्या मुलाला जाणीवपूर्वक द्यावे ही कल्पना मात्र प्रथम कोलरिजच्या कवितेत स्पष्टपणे येते असे आम्हांला वाटते. १७९८ च्या फेब्रुवारीत लिहिलेल्या 'फ्रॉस्ट ॲट मिडनाइट'मध्ये तो पाळण्यातल्या हार्टलीला वचन देतो. आपण शहरात, लंडनच्या शाळेत कोंडलेपणी वाढलो, पण बाळ, तू सरोवरांच्या काठी आणि डोंगरांच्या कड्यांखाली मोकळा हिंडशील, असा त्या वचनाचा आशय आहे. बापाने मुलाला निसर्ग लिहून दिल्याचा इंग्रजीतला हा पहिला मोठा दस्तऐवज म्हणायला हरकत नाही. वचन पाळलेही गेले. १८०० साली कोलरिज कुटुंबासह केझिकच्या ग्रेटा हॉलमध्ये राहावयास आला. त्याच सप्टेंबरात जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने तिथल्या नदीवरून डर्वेंट ठेवले.

पण १८०२ च्या ऑगस्टची गोष्ट पाहा. कोलरिज एकटाच आठ-नऊ दिवसांच्या भटकंतीला निघाला. हातात काठी हवी म्हणून त्याने स्वयंपाकघरातला खराटा उचलला, काड्या उपसून दांडा तेवढा घेतला आणि काड्या जमिनीवर तशाच पसरलेल्या टाकून, घरातल्या बायका कुरकुरत असताना, चालू लागला. हे त्याने स्वतःच पत्रात मोठ्या खुशीत लिहिले आहे. ते पत्र ज्या सारा हचिन्सनला उद्देशून होते ती त्याची पत्नी नव्हे. या भटकंतीत तो स्कॅफेलच्या कड्यावरून, एका टप्प्यावरून खालच्या टप्प्यावर लोंबकळून उतरला, आणि ब्रिटिश गिर्यारोहणाच्या इतिहासात या उतरणीला मानाचे स्थान आहे. त्या इतिहासात खराट्याचाही उल्लेख असतो, पण गमतीचा म्हणून. त्या काड्या कोणी गोळा केल्या, हे कोठेही येत नाही. त्या वेळी घरी पाच-सहा वर्षांचा हार्टली होता, दोन वर्षांचाही न झालेला डर्वेंट होता, आणि पत्नीला दिवस गेलेले होते. डिसेंबरात साराचा जन्म झाला.

१८०४ मध्ये कोलरिज माल्टाला गेला. परतल्यावर त्याने पत्नीपासून वेगळे राहण्याचे ठरविले. मुले वाढली ती बरीचशी रॉबर्ट सदीच्या आधाराने. सदी १८०३ पासून ग्रेटा हॉलमध्ये राहात होता आणि दोन्ही कुटुंबांचा गाडा लेखणीवर ओढीत होता. आज त्याच्या महाकाव्यांकडे कोणी ढुंकून पाहात नाही. त्याने मुलांसाठी रचलेली लोडोरच्या धबधब्यावरची कविता मात्र शिल्लक आहे. घरी राहिलेल्या माणसाची वाङ्मयेतिहासात एवढीच नोंद होते, याची आम्हांला नेहमी खंत वाटते. हार्टलीला १८१९ साली ऑक्सफर्डच्या ऑरिएल महाविद्यालयात फेलोशिप मिळाली आणि पुढच्याच वर्षी दारूच्या कारणावरून ती गेली. अखेरची वर्षे त्याने ग्रासमिअर-रायडलच्या परिसरात काढली. तेथल्या शेतकऱ्यांना तो प्रिय होता, चांगली सुनीते लिहीत होता, आणि १८४९ मध्ये वारला. बापाचे वचन शब्दशः खरे झाले होते: तो जन्मभर सरोवरांच्या काठी हिंडत राहिला.

वर्डस्वर्थ मात्र घरी राहिलेला बाप होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. १८१२ साली त्याची दोन लहान मुले, कॅथरीन आणि टॉमस, काही महिन्यांच्या अंतराने गेली. निसर्ग मुलाला वाढवितो या श्रद्धेने जगणाऱ्या घराला निसर्ग मुलाला राखतोच असे नाही हे फार जवळून कळले होते. पण सार्वजनिक प्रश्नावर त्याची भूमिका वेगळीच आडमुठी झाली. आपल्या मार्गदर्शिकेत हा प्रदेश ज्याला डोळा आणि हृदय आहे अशा प्रत्येकाची जणू राष्ट्रीय मालमत्ता आहे असे सुचविणारा हाच कवी १८४४ मध्ये केंडल-विंडरमिअर रेल्वेला कडाडून विरोध करतो. लँकेशरच्या गिरण्यांतील कामगार गाड्या भरभरून आणले तर त्यांना याचा लाभ होणार नाही, निसर्गाची गोडी ही हळूहळू अंगी बाणवावी लागते, असे त्याचे म्हणणे होते. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण मग गिरणीतल्या कामगाराच्या मुलाच्या अंगी ती गोडी बाणायची कधी आणि कोठे?

रेल्वे १८४७ साली आलीच. तिच्यामागून मँचेस्टरचे गिरणीमालक आले आणि विंडरमिअरच्या काठाने त्यांचे बंगले उभे राहिले. येथे एक धागा आपल्यापर्यंत येतो. विंडरमिअरच्या दक्षिण टोकाजवळ स्टॉट पार्क येथे १८३५ पासून लाकडी बॉबिन करण्याचा कारखाना होता. आसपासच्या रानातले लाकूड कातून तेथे लँकेशरच्या गिरण्यांसाठी बॉबिन बनत, आणि कामाला मुलगे असत, त्यांतले काही अनाथालयवजा श्रमगृहांतून आणलेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला तेव्हा याच लँकेशरच्या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेशाकडचा कापूस मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. तो कापूस कातला गेल्यावर ज्या बॉबिनांवर गुंडाळला जाई, त्यांतल्या कित्येक सरोवराकाठच्या मुलांनी घडवलेल्या असत. ही मुले तळ्याच्या काठीच राहात होती. त्यांच्या बालपणावर कविता नाही.

सुट्टीला सहकुटुंब सरोवरांकडे जाण्याची चाल एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्गात पक्की झाली. रस्किन आपल्या आयुष्यातली पहिली लक्षात राहिलेली घटना म्हणून डर्वेंटवॉटरच्या काठावरचा फ्रायर्स क्रॅग सांगतो; पण तेथे त्याला बापाने नेले नव्हते, दाईने नेले होते. उतारवयात तो कॉनिस्टनकाठी ब्रँटवुडला राहिला आणि तेथेच १९०० साली वारला. बिअट्रिक्स पॉटर १८८२ मध्ये आईवडिलांबरोबर रे कॅसलला सुट्टीसाठी आली तेव्हा सोळा वर्षांची होती. तेथेच तिची कॅनन रॉन्स्लीशी ओळख झाली. हा रॉन्स्ली १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्टच्या संस्थापकांपैकी एक झाला, आणि १९४३ साली मृत्युसमयी पॉटरबाईंनी चार हजारांहून अधिक एकर जमीन त्या संस्थेच्या नावे केली. एका कौटुंबिक सुट्टीचे एवढे भरभक्कम व्याज क्वचितच कोणी फेडले असेल.

रस्किनचा चिटणीस डब्ल्यू. जी. कॉलिंगवूड कॉनिस्टनच्या काठी लेनहेड या घरात राहात असे. चित्रकार, पुराणवस्तुसंशोधक, नॉर्स सागांचा अभ्यासक असा हा गृहस्थ. 'थॉर्स्टीन ऑफ द मिअर' ही त्याची १८९५ ची कादंबरी याच परिसरातल्या जुन्या नॉर्समन वसाहतवाल्यांवर आहे. त्याची पत्नीही चित्रकार आणि पियानोवादक होती. डोरा, बार्बरा, रॉबिन आणि अर्स्युला ही त्यांची मुले. यांतला रॉबिन म्हणजे 'द आयडिया ऑफ हिस्टरी'चा कर्ता, तत्त्वज्ञ आर. जी. कॉलिंगवूड. त्याने आत्मचरित्रात आपले बालपण सांगितले आहे: तेरा वर्षांपर्यंत घरीच शिक्षण, सकाळचे काही तास वडिलांपाशी धडे, आणि उरलेला दिवस मुलाच्या स्वाधीन. दुपारी शिडाची होडी. आणि वयाच्या आठव्या वर्षी, वडिलांच्या कपाटातला कान्ट. या घराविषयी आम्हांला विशेष आदर वाटतो, कारण आमच्या पाहण्यात या साऱ्या इतिहासात बाप आणि तळे एकत्र असलेले असे घर विरळाच आहे. फार पैसा नव्हता, पण वेळ होता, आणि वेळ मुलांबरोबर घालविण्याला कमीपणा मानला जात नव्हता.

या घरात १९०३ च्या सुमारास आर्थर रॅन्सम नावाचा एकोणीस वर्षांचा, लेखक होऊ पाहणारा तरुण येऊन जाऊन राहू लागला. त्याचे स्वतःचे बालपण याच तळ्याच्या दक्षिण टोकाला, निब्थ्वेटच्या शेतघरात, सुट्ट्यांपुरते गेले होते. वडील लीड्सला इतिहासाचे प्राध्यापक आणि मासेमारीचे वेडे. त्यांनी आर्थरला तान्हेपणीच कॉनिस्टन ओल्ड मॅनच्या माथ्यावर उचलून नेले होते, आणि माणसाला पोहणे उपजतच येते की काय हे पाहण्यासाठी होडीतून पाण्यात टाकलेही होते. पोर दगडासारखे बुडाले. आपल्याकडच्या वाचकाला येथे 'श्यामची आई' आठवल्यावाचून राहणार नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकातही पोहायला भिणाऱ्या श्यामला आई शिपटीने बडवून विहिरीवर धाडते. फरक एवढाच की ती आई नंतर वळ चोळीत बसते. रॅन्समच्या वडिलांना तेवढी सवड मिळाली नाही. निब्थ्वेटलाच रात्री मासेमारी करून येताना त्यांच्या पायाला दुखापत झाली, ती चिघळली, पाय कापावा लागला, आणि १८९७ मध्ये ते गेले. मुलगा तेरा वर्षांचा होता. बापाच्या लेखी आपण कधीच काही धड करणारा मुलगा ठरलो नाही, ही टोचणी त्याने म्हातारपणापर्यंत वागविली.

पुढे रॅन्सम रशियात वार्ताहर झाला, लेनिन-ट्रॉट्स्कींशी बोलला-बसला, ट्रॉट्स्कीची चिटणीस एवगेनिया शेलेपिना हिच्याशी त्याने १९२४ साली लग्न केले. पहिले लग्न आयव्ही वॉकरशी झाले होते. त्या लग्नाची मुलगी टॅबिथा, जन्म १९१०. १९१३ मध्ये रॅन्सम घर सोडून रशियाला गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. बापलेकीचे संबंध नंतर कधीच नीट सांधले गेले नाहीत.

१९२८ च्या उन्हाळ्यात डोरा कॉलिंगवूड आपल्या मुलांना घेऊन माहेरी आली. तिचे लग्न १९१५ मध्ये अर्नेस्ट अल्टुन्यान या आर्मेनियन-आयरिश डॉक्टराशी झाले होते आणि कुटुंब सीरियात अलेप्पोला राहात होते. मुले पाच: टाकी, सुझन, टिटी, रॉजर आणि लहानगी ब्रिजिट. 'स्वॉलो' आणि 'मेव्हिस' अशा दोन होड्या आणल्या गेल्या, आणि रॅन्समने मुलांना शीड हाताळायला शिकविले. परत जाण्याआधी, जानेवारी १९२९ मध्ये, मुलांनी त्याला वाढदिवसासाठी लाल चामड्याचे तुर्की जोडे दिले. त्यांच्या बदल्यात त्याने पुस्तक लिहिले: १९३० सालचे 'स्वॉलोज अँड ॲमेझॉन्स'. या मालिकेतली बारा पुस्तके १९४७ पर्यंत आली, आणि सरोवराकाठच्या सहकुटुंब सुट्टीचे जे चित्र आज इंग्रजी मनात आहे ते बव्हंशी त्यांचे आहे.

या पुस्तकाचे पहिले प्रकरण तंत्रदृष्ट्या पाहण्यासारखे आहे. वॉकर मुलांना तळ्यातल्या बेटावर एकट्याने मुक्काम करायचा आहे. आई जवळच शेतघरात आहे, पण ती स्वतः हो म्हणत नाही. ती बापाला विचारते. बाप आरमारात अधिकारी, माल्टाला आहे, हाँगकाँगच्या वाटेवर. त्याची तार येते. तिचा मथितार्थ असा की, जी मुले खुळी नाहीत ती बुडणार नाहीत. एवढ्या एका तारेवर सारी मालिका तरंगते. खुळा ठरण्याची जी भीती रॅन्समच्या मनात बापाने पेरली होती, तिचे उत्तर येथे दुसऱ्या एका बापाकडून, हजारो मैलांवरून, विश्वासाच्या रूपाने आलेले आहे. जो कधी मिळाला नाही तो निकाल लेखकाने स्वतःसाठी लिहून घेतला, असे आम्ही म्हणू. कोलरिजचा माल्टा आणि वॉकरांचा माल्टा हा निव्वळ योगायोग. पण योगायोगही कधी कधी नेमके बोट ठेवतात.

तारेनंतरचे काम मात्र आई करते. तंबू ती शिवते, शिधा ती बांधून देते, रोज सकाळी दुधासाठी जवळच्या शेतघरी यायचे अशी सोय तिच्या व्यवस्थेत असते, म्हणजे मुले धड आहेत हे कळत राहते. मुलांच्या खेळात ही सारी मोठी माणसे 'नेटिव्ह' असतात. मुलांनी स्वतःला शोधक-प्रवासी मानायचे आणि दूध देणाऱ्यांना त्या मुलुखातले मूळ रहिवासी ठरवायचे, ही साम्राज्याच्या मधल्या घरातली सहज भाषा आहे, आणि वसाहतीतून आलेल्या वाचकाला ती खटकल्याशिवाय राहात नाही. रानात कोळसा पाडणारी दोन म्हातारी माणसे भेटतात, तीही मुलांना रानटी टोळीवाल्यांसारखी रोमांचक वाटतात. वस्तुतः कोळसा पाडणे हा या प्रदेशाचा शतकानुशतकांचा, तेव्हा संपत आलेला धंदा होता. रॅन्समला ते पुरेपूर ठाऊक होते. त्या म्हाताऱ्यांचे हात, त्यांची भट्टी रात्रंदिवस राखण्याची रीत त्याने इतक्या आदराने रंगविली आहे की मुलांची भाषा एक आणि लेखकाची नजर दुसरी, हे जाणत्या वाचकाला दिसत राहते. या पुस्तकांचे खरे बळ कामाच्या या नेमकेपणात आहे. गाठ कशी मारायची, होडी वाऱ्यात कशी वळवायची, यात तो कोठेही भोंगळ होत नाही.

आणखी एक गोष्ट. टाकी ही खऱ्या कुटुंबातली थोरली मुलगी. पुस्तकात तिच्या जागी जॉन हा मुलगा आला. धाकट्यांची नावे तशीच राहिली. कप्तान मुलगा असावा लागला. याची भरपाई रॅन्समने नॅन्सी ब्लॅकेट या दुसऱ्या होडीच्या कप्तान मुलीत केली आहे, आणि ती सबंध मालिकेतली सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा आहे. तरीही हॅलिफॅक्सला पाठविलेली डॉरथी येथे मनात येतेच.

१९३१ च्या 'स्वॉलोडेल'मध्ये मुले जो डोंगर चढतात तो कॉनिस्टन ओल्ड मॅन, ८०३ मीटर. त्याला ती नाव देतात कांचनजंगा. १९२९ पासून जर्मन मोहिमा खऱ्या कांचनजंगावर जात होत्या, त्यामुळे ते नाव त्या वर्षांत हवेत होते. माथ्यावरच्या दगडांच्या राशीत त्यांना एक पितळी डबी सापडते. तीत तीस वर्षांपूर्वीची, १९०१ सालची चिठ्ठी असते: नॅन्सीची आई, मामा आणि वडील यांनी लहानपणी हाच डोंगर चढून त्याला मॅटरहॉर्न म्हटले होते. वडिलांविषयी मालिकेत फारसे कोणी बोलत नाही. नॅन्सी चिठ्ठी वाचते, आणि तिच्यासारखी बडबडी पोर क्षणभर गप्प होते. बाप येथेही दुरूनच भेटतो, डबीतून. आमच्या मते रॅन्समने लिहिलेले हे सर्वोत्कृष्ट पान आहे.

खऱ्या कांचनजंगावर माणूस पोहोचला तो २५ मे १९५५ रोजी. पहिल्या जोडीतला जो ब्राउन हा मँचेस्टरच्या कामगारवस्तीतला, नळकाम आणि बांधकाम शिकलेला तरुण होता; वर्डस्वर्थने ज्यांच्या गाड्या अडवायच्या म्हणून लेखणी उचलली होती त्यांच्याच वंशातला. सिक्कीमच्या लोकांची श्रद्धा राखण्यासाठी शेवटची काही पावले न टाकता तो आणि जॉर्ज बँड शिखराच्या किंचित खालून परतले. मधल्या काळात १९३० साली युवा वसतिगृहांची संघटना स्थापन झाली होती आणि शिलिंगभर पैशांत रात्रीचा निवारा मिळू लागला होता; १९३८ मध्ये पगारी रजेचा कायदा झाला; १९५१ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान ठरले. कामगाराचे मूल सरोवराकाठी आले ते कवींच्या नव्हे, या कायद्यांच्या परवानगीने.

अल्टुन्यान मुलांचे पुढे काय झाले? रॉजर डॉक्टर झाला. महायुद्धात तो वैमानिकांना शिकवीत असे. दम्याचा रुग्ण असल्याने त्याने स्वतःवरच प्रयोग करून सोडियम क्रोमोग्लायकेट हे औषध सिद्ध करण्यात मोठा वाटा उचलला, आणि ते श्वासातून घेण्याचे उपकरण विमानाच्या पंख्यावरून सुचविले. १९८७ मध्ये तो गेला. 'मेव्हिस' होडी कॉनिस्टनच्या रस्किन संग्रहालयात ठेवलेली आहे. रॅन्समचे मात्र या कुटुंबाशी बिनसले. आपल्या मुलांना पाहूनच हे पुस्तक लिहिले गेले, हा अल्टुन्यानांचा अभिमान त्याला डाचू लागला. जोड्यांचा उल्लेख असलेली अर्पणपत्रिका त्याने नंतरच्या आवृत्त्यांतून काढून टाकली, आणि १९५८ साली जोडलेल्या टिपणात पुस्तकाचा उगम आपल्या बालपणात आणि त्या तळ्यात सांगितला; मुलांचे नाव नाही. लेखकाच्या बाजूने बोलायचे तर त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण ज्या मुलांना त्याने आपल्या होडीत बसविले तीही पुन्हा काठावर राहिली, टॅबिथासारखी.

रॅन्समच्या 'पिजन पोस्ट'ला १९३६ सालचे पहिले कार्नेगी पदक मिळाले. त्याच १९३६ साली एक छोटे पुस्तक प्रथमच छापले गेले. ते डॉरथी वर्डस्वर्थने १८०८ मध्ये लिहिले होते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात ग्रासमिअरजवळच्या ईझडेलमधले जॉर्ज आणि सारा ग्रीन हे गरीब दांपत्य डोंगरापलीकडे लँगडेलला एका लिलावाला गेले आणि परतताना हिमवादळात वाट चुकून मरण पावले. डोंगरातल्या त्यांच्या खोपटात सहा मुले होती. जेमतेम दहा-अकरा वर्षांची जेन घरातली सर्वांत मोठी, आणि एक तान्हे. शनिवारी रात्री मुले शेकोटीपाशी वाट पाहात बसली. मग आईबाप हवेमुळे पलीकडेच थांबले असतील असे समजून जेनने सगळ्यांना झोपविले. रविवारही तसाच गेला. ती तान्ह्याला पाजीत होती, चूल सांभाळीत होती, धाकट्यांना समजावीत होती. सोमवारी मुलांपैकी एकजण शेजारच्या घरी झगा उसना मागायला गेला, कारण जेन त्यांना शोधायला बाहेर पडणार होती. तेव्हा गावाला कळले. या मुलांची एक बहीण, सॅली, तेव्हा वर्डस्वर्थच्याच घरी होती, त्यांची मुले सांभाळायला.

वर्डस्वर्थ मंडळींनी वर्गणी गोळा केली, मुलांची सोय लावली, आणि विल्यमच्या सांगण्यावरून डॉरथीने घडले ते सारे लिहून काढले. तीत निसर्गवर्णन जवळजवळ नाही. घरात बटाटे किती उरले होते, गाय किती रोडकी होती, कर्ज किती होते, हे आहे. वाचणाऱ्यांनी ते छापण्याचा आग्रह धरला. डॉरथीने नकार दिला. ती मुले अजून त्याच खोऱ्यात वाढत होती, आणि लोकांच्या डोळ्यांपुढे ठेवल्याने त्यांचे नुकसान होईल असे तिला वाटत होते. हस्तलिखित तसेच घरात राहिले, सव्वाशे वर्षांहून अधिक काळ.